मावशीचे पाच गुण

रावपुरा, बडोदे
१४ सप्टेंबर २००३

ती. ताईस,

येसूचा वाकून नमस्कार. (गुडघे जेवढे वाकू देतात तेवढाच. उरलेला तू समजून घे.) तुझी आणि मोहनराव दाजींची प्रकृती उत्तमच असणार. तुमच्याकडे डॉक्टर फुकट असतो हे तू प्रत्येक फोनवर सांगतेस, आणि फुकट मिळालेली गोष्ट इंगळ्यांच्या मुलीने पुरेपूर वापरली नाही असे आजवर घडलेले नाही. इकडे मी, सलील, सूनबाई मृदुला आणि तीन वर्षांची सानवी, चौघेही ठीक आहोत. गणपती गेले, पाऊस थांबला, रावपुऱ्यातली रहदारी थांबली नाही. पत्र लिहायचे कारण असे की फोनवर तुझे निम्मे बोलणे "ऐकू येतंय ना?" यात जाते आणि उरलेले निम्मे तापमान सांगण्यात. तेव्हा जे सांगायचे ते एकदाच कागदावर मांडते. मधेच कंटाळून तू पत्र बाजूला ठेवशील, पण निदान ते मला कळणार नाही.

तापमान तू नाही सांगितलेस तरी चालेल. आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ असते. संध्याकाळी आम्ही सहा-सात बायका देवळाच्या ओट्यावर बसतो, आणि त्यांतल्या प्रत्येकीचे कोणी ना कोणी तुमच्या देशात आहे. जानेवारीत टोरांटोला उणे अठरा झाले होते ही आठवण सांगताना समोरच्या शाहबेन भर मे महिन्यात पदर घट्ट लपेटून घेतात. बडोद्यात त्या दिवशी काय होते, विचार, कोणालाही सांगता येणार नाही. मांडवीच्या बाजारात उन्हाळ्यातसुद्धा लोकरी कानटोप्या मिळतात. विकणारा बनियनवर बसलेला असतो, घेणारे घामाने निथळत टोपी घालून आरशात बघतात आणि "टोरांटोमां चालशे?" असे विचारतात. तोही टोरांटोला रोज जाऊन येत असल्यासारखा "दोडशे", म्हणजे पळेल, म्हणतो. एके काळी या गल्लीत दुपारी डोळा लागत नसे इतकी पोरे क्रिकेट खेळत. माझ्या खिडकीची काच अलीकडे कित्येक वर्षांत फुटलेली नाही. मी समजत होते की गल्लीला शिस्त लागली. मग लक्षात आले की फोडणारे सगळे टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेले आहेत.

मला चीड कशाची येते ते सांगते. तुला आठवत नसेल, कारण तू तेव्हा बर्फात होतीस, पण आणीबाणीत आम्हा शिक्षकांना वर्ग सोडून घरोघरी पाठवले होते. लाल त्रिकोण, दोन मुले पुरेत, ऑपरेशनला माणसे आणा. मी भूगोल शिकवणारी बाई, पण लोकांच्या दारात उभे राहून नको ते विषय बोलले. मी नियम पाळणारी. सरकार दोन म्हणाले, मी एकावर थांबले आणि देशाचा एक वाचवून दिला. आता तीस वर्षांनी कळते की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एक देश आहे, त्याच्याकडे जमीन आहे, पाणी आहे, झाडे आहेत, बर्फाला तर तोटाच नाही, फक्त माणसे करायची राहून गेली. तिथल्या लोकांना मुले नकोत आणि तिथल्या सरकारला माणसे हवीत. मग घ्या माझा तो एकुलता एक. दात येताना त्याला मी फिरवला, कांजिण्यांत मी जागले, पाढे मी पाठ करून घेतले, आणि पिकून पिवळा झाल्यावर तोडून नेणार तुम्ही. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा असा काढला तर आपल्याकडे शिव्या बसतात. तुमच्याकडे त्याला धोरण म्हणतात.

तर सलीलने कॅनडाचे मनावर घेतले आहे. इथे कारखान्यात इंजिनिअर आहे, घर आहे, मारुती आहे, आई आहे. (शेवटचे मी मुद्दाम शेवटी लिहिले. त्याच्या यादीतही ते तिथेच असावे.) कारण विचारले तर "सानवीच्या भविष्यासाठी" म्हणतो. सानवीला विचारले तर तिचे भविष्य उद्या बालवाडीला सुट्टी आहे की नाही, एवढ्यावर संपते. अलकापुरीत हार्दिक नावाचा एक मुलगा या कामाचे दुकान चालवतो. (दुकान म्हटलेले त्याला आवडत नाही. "कन्सल्टन्सी, मासी.") भिंतीवर हे एवढे लाल पान, टेबलावर झेंडा, आणि एसी असा की माणसाला इथूनच सवय व्हावी. हा स्वतः कॅनडाला कधी गेलेला नाही. दोनदा अर्ज केला आणि दोन्हीदा गुण कमी पडले. मी एकतीस वर्षे शिकवले, पण नापास मुलाने शिकवणी उघडलेली आणि तिला बाहेर चपला ठेवायला जागा नसलेली, हे पहिल्यांदाच पाहिले.

तुमच्या सरकारची पद्धत मला आधी बरी वाटली होती. सरळ परीक्षा. पंचाहत्तरला पास. शिक्षणाचे गुण, अनुभवाचे गुण, वयाचे गुण, इंग्रजीचे गुण. फ्रेंचचेही आहेत, म्हणून सलील महिनाभर फ्रेंचच्या क्लासला जाऊन आला. त्याला काही आले नाही, सानवी मात्र दूधवाल्याला बाँझूर म्हणते आणि तो घाबरून माप वाढवून घालतो. बायकोच्या शिक्षणाचेही गुण आहेत. मृदुलाच्या बी.कॉम.चे चार मिळाले, तेव्हापासून ती मला चहा जरा सावकाशीने देते. मी विचारले, आईच्या बी.ए.चे किती? हार्दिक म्हणाला, आईचे काही नाहीत. मी म्हटले, पुन्हा बघ. त्याने पुन्हा बघितले. तिथे राहणाऱ्या मावशीचे पाच, इथे राहणाऱ्या आईचे शून्य. सानवीलाही गुण नाहीत, ती आईबापांबरोबर तशीच जाते. वास्तविक तुमच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या देशाला सगळ्यांत उपयोगी तीच पडणार आहे, पण भाजीवर कोथिंबीर घालतात तशी घालून दिली.

सगळी बेरीज करून सलील एकाहत्तरवर अडला. चार गुण कमी. आठवीत भूगोलाला तो माझ्याच वर्गात होता. कॅनडाची राजधानी त्याने टोरांटो लिहिली होती आणि मी गुण कापला होता. तो रडला, हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, पण मी दिला नाही. त्याच कॅनडाला आता याचे चार गुण कमी पडतात म्हटल्यावर मला क्षणभर न्याय झाल्यासारखे वाटले. पण क्षणभरच. कारण सलील त्या खुर्चीत आठवीतल्यासारखाच बसला होता, खाली मान घालून, नख कुरतडत. मी म्हटले, मावशी आहे. मग सगळ्यांच्या माना वर झाल्या.

मावशी म्हणजे तू. पाच गुण म्हणजे तू कॅनडात श्वास घेतेस त्याचे. तुला फोन केला तर तू लगेच म्हणालीस, "पाठव सलीलला, इथे जागा खूप आहे." मी सुखावते न सुखावते तोच त्याच दमात म्हणालीस, "पण हल्ली इथे फार लोक यायला लागलेत गं येसू, पूर्वीसारखं राहिलं नाही." ताई, तू एकाहत्तर साली गेलीस. तू उतरलीस त्या दिवशी तिथल्या कोणी म्हातारीने शेजारणीला हेच सांगितले असणार, आणि बोट तुझ्या साडीकडे केले असणार. एस.टी.त कसेबसे चढून कोपऱ्यात उभे राहायला मिळाले की माणूस पहिले काम करतो ते दार ओढून घेण्याचे. ताजी मेथी आता कोपऱ्यावर मिळते म्हणून तू खूश, आणि मेथी विकणारा राहायलाही आला म्हणून नाराज. तो मेथी ठेवून रोज संध्याकाळी पंजाबात परत जावा अशी सोय तुमच्या सरकारने करायला हवी होती.

असो. खरी गंमत पुढेच आहे. हार्दिक म्हणाला, मावशी असली तर पुरावा द्या. आम्ही कागद पसरले. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर सिंधू जगदेवराव इंगळे. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर येसू जगदेवराव इंगळे. या दोघी सख्ख्या बहिणी, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण तुझ्या कॅनडाच्या पासपोर्टवर मोहना, आणि सलीलच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव निरुपमा. म्हणजे ज्या दोघी बहिणी आहेत त्या जगात कुठेही राहत नाहीत, आणि ज्या राहतात त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. हार्दिकला वाटले दुसऱ्याच कुटुंबाची फाइल आली. मी समजावले की आमच्यात लग्नात मुलीचे नाव बदलतात. तो म्हणाला, अटक बदलतात, ते ठाऊक आहे. मी म्हटले, आडनाव तर बदलतातच, पण नावही बदलतात. त्याने चष्मा काढला. "आखुं नाम? पण मासी, केम?" आता या 'का'चे उत्तर मला साठीपर्यंत सापडलेले नाही, ते मी त्याला एसीत बसून काय देणार? (तुझ्या सासरच्यांनी तर फार डोकेही चालवले नाही. मोहनरावांची बायको म्हणून मोहना.)

नाव बदलल्याचा कागद आहे का, असे त्याने विचारले. मी सांगितले की ताम्हणात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यावर नाव लिहिले, पाच बायकांनी वाकून वाचले, पेढे वाटले आणि तांदूळ भटजी घेऊन गेले. म्हणजे निरुपमा नावाची बाई जगात आल्याचा एकमेव लेखी पुरावा त्याच आठवड्यात भटजींच्या घरी भात होऊन संपला. (लिहिणाऱ्याची साक्ष काढली असती, पण हे जाऊन सहा वर्षे झाली. आता त्यांची सही मिळणे नाही.)

रावपुऱ्यातल्या वकिलांनी तोड काढली. दोन्ही लग्नांना हजर असलेल्या, नात्यातल्या, वडीलधाऱ्या माणसाने दोन प्रतिज्ञापत्रे करून द्यावीत. एकात येसू तीच निरुपमा, दुसऱ्यात सिंधू तीच मोहना. मी बसून माणसे आठवली. जो आठवे तो गेलेला. शेवटी एकच उरले, आबांचे धाकटे भाऊ, करजणचे दत्ताजीकाका. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. संस्थानच्या फौजेत होते. फौज जाऊन पन्नासांवर वर्षे झाली, मिशी अजून ड्यूटीवर आहे.

रविवारी मी आणि सलील मारुतीतून करजणला गेलो. काकांनी दोन्ही कागद भिंगातून वाचले. पहिल्यावर लगेच म्हणाले, ही येसूच, हिच्या लग्नात श्रीखंड कमी पडले होते, आणि खाली दणदणीत सही केली. दुसरा कागद वाचला आणि पेन खाली ठेवले. आम्हाला वाटले हात दुखला. हात दुखला नव्हता. तू एकोणनव्वद साली आली होतीस, आठवते? डिसेंबरात टॅक्सी करून भरूचला दाजींच्या बहिणीकडे गेलीस आणि वाटेत करजणला हायवेवरच्या हॉटेलात चहा प्यालीस. काकांचे घर तिथून हाकेवर आहे. गावात कोणीतरी तुला ओळखले आणि संध्याकाळच्या आत काकांना वर्दी पोचली. तेव्हापासून काका तो चहा विसरलेले नाहीत. मला म्हणाले,

"सिंधू माझी पुतणी. ती माझ्या दारावरून जाऊन हॉटेलात चहा पिणार नाही. चहा पिणारी ही मोहनाबाई कोण, मला माहीत नाही. शपथेवर खोटं लिहू?"

मी शिक्षिका आहे. या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. सलील मात्र अजीजीने म्हणाला, "काकाआजोबा, माझं सगळं या एका सहीवर अडलंय." काका म्हणाले, "तुझं काय अडलंय? आईला टाकून जायचंच ना? मग एवढी घाई कसली?"

मी विषय बदलायला चहा मागितला. ताई, तुझ्या बाजूने एक गोष्ट नमूद करते की काकांचा चहा हॉटेलच्या चहापेक्षा वाईट आहे. परत येताना हायवेवर ते हॉटेल दिसले. सलीलने गाडीचा वेग वाढवला. त्याला बहुधा वाटले की मी उतरून बघेन. मी बघितले नाही. तो बडोदे येईपर्यंत वायपर चालवून काच पुसत होता. पाऊस नव्हता.

काकांची अट अशी आहे. तू यावेस, पायऱ्या चढाव्यास, बसून चहा प्यावास. मग ते तुला ओळखतील आणि सही करतील. पत्र चालणार नाही. फोनही नाही. "फोनवर कोणीही सिंधू होईल" असे त्यांचे म्हणणे. म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या देशाचे दार सध्या करजणच्या एका कपावर अडलेले आहे.

मी तुला ये म्हणत नाही. विमानात पाय सुजतात हे तू सांगितले आहेस. मी फक्त परिस्थिती कळवली. मला स्वतःला यात काही नको आहे. मुलगा आपल्याला सोडून जावा म्हणून आईने उन्हात वकील आणि काका हुडकत फिरायचे, अशी ही पद्धत दिसते, आणि मी ती पाळते आहे, कारण हातात घेतलेले काम अर्धे टाकणे मला जमत नाही. मृदुला म्हणते, दोन-तीन वर्षांनी तुम्हालाही बोलावून घेऊ. मुलगी चांगली आहे, मनापासून म्हणते. पण बर्फ मी एकतीस वर्षे फळ्यावर काढला आहे. तो कसा दिसतो ते बघायला मला जायला नको. दाजींना नमस्कार. थंडी सुरू होईल, छातीला सुंठ-ओवा लाव आणि फुकट डॉक्टरवर फार विसंबू नकोस.

तुझी धाकटी,
येसू
(कॅनडा सरकारसाठी: निरुपमा प्रतापराव खानविलकर. दोघी एकच.)

ता. क. : आलीसच तर चॉकलेटे आणू नकोस, आमचे सगळ्यांचे दात गेले. मेपलचा पाकही नको. मागच्या वेळची बाटली अजून आहे. आमच्या मुंग्यांनासुद्धा तो कळला नाही.

दुसरा ता. क. (२२ सप्टेंबर) : पाकिटाला तिकिटे लावायची राहिली होती, बरेच झाले. परवा हार्दिकचा फोन आला. तुमच्या सरकारने पासाचे गुण पंचाहत्तरवरून सदुसष्टवर आणले. सलील एकाहत्तरावर बसल्या बसल्या पास झाला. आख्ख्या देशाने ग्रेस मार्क वाटले. मी एकतीस वर्षांत एकालाही दिले नाहीत आणि वर्गाला माझा धाक होता. तुमच्या देशाला कुणी भीक घालणार नाही. हार्दिकही दुकान बंद करून दोन दिवस स्वतःचे गुण मोजत बसला आहे. घरात पेढे आणले. सानवी प्रत्येक पेढ्याला बाँझूर म्हणाली. सलील माझ्या पाया पडला आणि उठायला जरा वेळ लावला. मी त्याला म्हटले, राजधानी ओटावा. तो म्हणाला, माहीत आहे आई. तेव्हा तुझे पाच गुण आता नकोत. ते तुझे तुला परत.

तिसरा ता. क. : वरचे काकांना कळता कामा नये. मी सांगितलेले नाही आणि सलीललाही तंबी दिली आहे. करजणचा त्यांचा शेजारी सांगून गेला की काकांनी पायऱ्यांना चुना लावून घेतला, आणि नवे कप आणले, बशांसकट. तू सहीसाठी येणार असे ते समजतात. समजू देत. तू ये. आत्ता नको, आत्ता घरात बांधाबांध, मेडिकल, पोलिसांचे दाखले, चौघे एकमेकांच्या पायात. या मंडळींचा व्हिसा यायला वर्ष-दीड वर्ष जाईल म्हणतात. ती गेली की ये, आणि दोन दिवसांसाठी येऊ नकोस. काकांना तोपर्यंत थांबा म्हणून मी हुकूम दिला आहे, आणि ते हुकूम मोडणारे नव्हेत. करजणला मी बरोबर येईन. उतरायचे मात्र माझ्याकडेच. तुमच्याकडे जागा खूप आहे हे मी ऐकून आहे. तोवर माझ्याकडेही होईल.